पहिल्यांदां कोर्टाची पायरी चढतांना

(द्रोणागिरी येथें शेतकरी, मिठागरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. माझें तिच्याशीं मुळींच पटत नाहीं. ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, घर नाहीं, भाऊबंदकी नाहीं, त्यानें ती खुशाल पाळावी. या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याचा माणूस ती पाळूं म्हणेल तर पायरी न चढतांच त्याचें होतें नव्हतें तें जाईल. कारण आपण कोर्टांत गेलों नाहीं, तरी कोर्ट आपल्या दारीं येतें. बेलिफ समन्स घेऊन ओटीवर उभा राहतो, आणि घरचा म्हातारा त्यास सांगतो, “आमाला नको तुमचा कागद.” म्हाताऱ्यास वाटतें, बला टळली. कायद्यास वाटतें, समन्स पोंचलें. बेलिफ तो कागद दारास चिकटवून निघून जातो व खटला आपल्यावांचून पुढें चालूं लागतो.

सबब आज मी तुम्हांस कायदा शिकविण्यास उभा नाहीं. तें काम वकिलांचें. कोर्टांत पहिल्यांदां जाणाऱ्याच्या नशिबीं काय येतें व त्यानें काय संभाळावें, एवढेंच सांगणार आहें.

आधीं आपल्याच मुलखाची गोष्ट घ्या. १९७० सालीं नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें सरकारनें ठरविलें. त्याच सालच्या मार्चांत सिडको स्थापन झाली. भातशेतें गेलीं, मिठागरें गेलीं, खाजणें बुजलीं. १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखेस जासई व नवघर येथें गोळ्या चालल्या आणि आपले पांच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तांतून साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क निघाला, हें येथें कोणास सांगावयास नको. परंतु दुसरी एक बाजू क्वचितच कोणी सांगतो. लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे स्वतः वकील होते. रस्त्यावरची लढाई व कागदावरची लढाई या दोन्हींना दोन वेगळीं हत्यारें लागतात, आणि आपल्या लोकांनीं पहिलें हत्यार जितक्या शौर्यानें धरलें तितक्या दक्षतेनें दुसरें धरलें नाहीं.

भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यांत अठरावें कलम होतें. सरकारनें ठरविलेला मोबदला मान्य नसेल त्यानें मुदतींत अर्ज करून प्रकरण कोर्टाकडे पाठविण्यास लावावें, असें तें कलम. निवाडा जाहीर होतेवेळीं हजर असलेल्यास मुदत सहा आठवड्यांची. पैसे घेण्यास हरकत नव्हती, मात्र घेतांना “हरकत राखून घेतले” असें लिहावें लागे. आतां पाहा. दोन भाऊ, एकाच बांधाचे. एकानें पावतीवर तीन शब्द जास्त लिहिले व मुदतींत अर्ज केला. दुसऱ्यानें निमूट अंगठा उठविला. जमीन एक, खारें पाणी एक, घाम एक. तरी वाढीव मोबदला मागण्याचा हक्क पहिल्याचा राहिला व दुसऱ्याचा गेला. या दुसऱ्या भावासाठीं १९८४ च्या दुरुस्तीनें एक खिडकी उघडली, कलम २८-अ. एकाच अधिसूचनेंतील शेजाऱ्याचा मोबदला कोर्टानें वाढविला तर अर्ज न केलेल्यानेंही त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत कलेक्टराकडे तोच दर मागावा. पण शेजाऱ्याचा निकाल लागला हें कळलें तर ना! आपल्याकडे निकाल लागला कीं मनुष्य तो भाऊबंदांपासून लपवितो, जणूं गुप्तधन सांपडलें. तीन महिने गेले कीं खिडकी बंद.

तो कायदा आतां राहिला नाहीं. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला. पण मुदतींत कोर्ट मागण्याची वाट त्यांतही चौसष्टाव्या कलमांत आहे व शेजाऱ्याच्या निकालाचा आधार त्र्याहत्तराव्यांत आहे. म्हणून गांवांत कोणाचाही निकाल लागला तर तो देवळाच्या फळ्यावर लिहा, एवढी माझी विनंति आहे.

आतां समन्साकडे वळूं. तें हातीं येतांच घाबरूं नका, आणि गादीखालीं तर मुळींच ठेवूं नका. चार गोष्टी वाचा अथवा शाळेंत जाणाऱ्या नातवाकडून वाचवून घ्या: कोर्ट कोणतें, तारीख कोणती, दाव्याचा नंबर कोणता, आणि तुम्हांला बोलाविलें तें प्रतिवादी म्हणून कीं नुसता साक्षीदार म्हणून. कोर्टाचें नांव नीट पाहा. उरणचें दिवाणी न्यायालय वेगळें, पनवेलचें वरिष्ठ स्तर वेगळें, अलिबागचें जिल्हा न्यायालय वेगळें. उरणची तारीख असतां पनवेलच्या आवारांत दिवसभर बसलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. प्रतिवादी असाल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत तुमची कैफियत, म्हणजे लेखी जबाब, कोर्टांत गेला पाहिजे. कोर्ट कारण पाहून मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवितें. हजरच झालां नाहीं तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा झाला तरी तो रद्द करून घेतां येतो, पण तीस दिवसांत, व गैरहजेरीचें खरें कारण दाखवून. “आमच्या गांवीं जत्रा होती” हें कारण चालत नाहीं.

दिवाणी व फौजदारी यांतला फरकही ध्यानांत ठेवा. दिवाणी दाव्यांत बहुतेक तारखांना वकील उभा राहिला म्हणजे भागतें. प्रत्येक तारखेस घरच्या चौघांनीं रोजगार बुडवून जाण्याचें कारण नाहीं. कोणत्या तारखेस आपली गरज आहे तें वकिलास आधीं विचारा. फौजदारींत मात्र आरोपीनें प्रत्येक तारखेस जावयाचें, अथवा आधीं सूट मागावयाची. नाहीं तर वॉरंट निघतें. आंदोलनांत नांवें गोंवलीं गेलेल्या तरुणांनीं हें पक्कें बांधून ठेवावें. मोर्च्यांत पुढें व तारखेस मागें, असें झालें तर पोलिसांस आयतें सांपडतें.

जाण्याच्या दिवशीं लवकर निघा. २०२४ च्या जानेवारीपासून द्रोणागिरीहून उरणला लोकल झाली, तें एकच स्टेशन. पण पनवेलला एस्टीनें जाणाऱ्यानें करळ फाट्यावरील कंटेनरांच्या रांगा हिशेबांत धराव्या. न्यायाधीश बंदराच्या ट्रेलरसाठीं थांबत नाहींत. आवारांत गेल्यावर भिंतीवरचा बोर्ड पाहा; त्या दिवशींचीं सारीं प्रकरणें त्यावर ओळीनें लिहिलेलीं असतात. हल्लीं प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांचा व अंकांचा एक सीएनआर नंबर मिळतो. तो नंबर मोबाइलवरच्या ई-कोर्टाच्या ॲपमध्यें घातला कीं पुढची तारीख व मागच्या तारखेस काय झालें तें घरबसल्या दिसतें. हा नंबर वकिलाकडून लिहून घ्या. वकील रागावेल असें वाटून कित्येकजण मागत नाहींत. अरे बाबांनो, खटला तुमचा, नंबर तुमचा, फीही तुमचीच!

आंत शिरलांत कीं उंच बैठकीवर न्यायाधीश, त्यांच्या पुढें कारकून व लघुलेखक, मध्यें मेजाभोंवतीं वकील, आणि बाजूस लांकडी कठडा. आपण त्यास पिंजरा म्हणतों, म्हणूनच अर्धी भीति वाटते. साक्ष देणारा मनुष्य कोणाचा कैदी नसतो. मोबाइल बंद ठेवा, तंबाखू बाहेर थुंकून या, शिपायानें पुकारा केला कीं हात वर करून “हजर आहें” म्हणा. पुकारा करतांना नांवाची मोडतोड होते; कान देऊन बसा. न्यायाधीशांस “साहेब” अथवा “मॅडम” म्हटलें तरी पुरतें. पायां पडूं नका. कोर्टांत हात जोडून गयावया करणारा म्हातारा पाहिला कीं माझ्या पोटांत कालवतें. आपण कोणाचे कूळ नाहीं, आणि समोरचा कोणी खोत नाहीं.

शपथेविषयीं एक शब्द. सिनेमांत गीतेवर हात ठेवतात तसें येथें नसतें. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणें ज्यास पाहिजे त्यानें ईश्वरास स्मरून शपथ घ्यावी, ज्यास नको त्यानें गांभीर्यानें प्रतिज्ञा करावी. दोहोंचें वजन सारखें. सत्य बोलण्यास मध्यस्थ लागत नाहीं, हें सत्यशोधकांच्या लेकरांस मीं नव्यानें काय सांगावें! ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं भटजीवांचून लग्नें लावलीं म्हणून ग्रामजोशांनीं त्यांना जुन्नरच्या कोर्टांत खेंचलें. तो माळावरचा पाटील डगमगला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलें व निकाल पाटलांच्या बाजूनें लागला. त्या दिवशीं कोर्टाची पायरी न चढण्याचा शहाणपणा त्यांनीं केला असता तर काय झालें असतें?

खरी कसोटी साक्षीची. २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपास तोंडी होत नाहीं. तुमचें म्हणणें प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावयाचें असतें. वकिलाच्या कचेरींत तें टंकून तयार होतें, आणि आपला मनुष्य घाईनें शेवटच्या पानावर सही करतो. हा सर्वांत मोठा धोका आहे. त्या कागदांत लिहिलेला प्रत्येक शब्द तुम्ही शपथेवर बोललां असा अर्थ होतो. तो इंग्रजींत असेल तर मराठींत मागा. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनें जिल्हा व त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. ही मेहेरबानी नव्हे. वाचतां येत नसेल तर दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानें वाचवून घ्या व शेताच्या चारी दिशा, गट नंबर, नातीं, सालें हीं बरोबर आहेत कीं नाहींत तें बोटांवर मोजा.

मग विरुद्ध बाजूचा वकील उलटतपास घेतो. तो ओरडत नाहीं. उलट तो गोड बोलतो, आणि तेथेंच आपला मनुष्य फसतो. माझ्या डोळ्यांदेखत घडलेलें सांगतों. वडिलोपार्जित जमिनीच्या वांटपाचा दावा होता. वादी साठीचा, मातींत राबलेला. वकिलानें विचारलें, “दादा, तुम्ही भाऊ आपापला तुकडा वेगवेगळा कसत होतां ना?” दादा म्हणाले, “हो.” “म्हणजे वांटणी झालीच होती म्हणावयाची?” दादांना वाटलें, कोण तुकडा कसतो तेंच विचारताहेत, ते पुन्हां म्हणाले, “हो, तसेंच.” झालें! सोयीसाठीं वेगळें कसणें निराळें व कायदेशीर वांटप निराळें. पण “वांटप पूर्वींच झालें” हें वादीच्याच तोंडून नोंदलें गेलें. पुढें त्यांच्या वकिलानें फेरतपासांत सारवण्याची खटपट केली. फुटलेलें मडकें चिकटविलें तरी पाणी झिरपतेंच. कुंभारदादा मागें बसले आहेत, त्यांना विचारा.

तेव्हां प्रश्न पुरता ऐका. एका प्रश्नांत दोन प्रश्न गुंफलेले असतील तर म्हणा, “साहेब, हे दोन प्रश्न आहेत, वेगळे विचारा.” शब्द कळला नाहीं तर “कळला नाहीं” म्हणा. आठवत नाहीं तर “आठवत नाहीं” म्हणा. अंदाजानें साल सांगूं नका. विचारलें तेवढेंच बोला. शेजाऱ्यानें बांध कसा कोरला याची पंचवीस वर्षांची कहाणी आपल्या पोटांत असते, पण ती ऐकण्याची ती वेळ नव्हे. आपली आगरी, कोळी, कराडी बोली बोलण्याची लाज धरूं नका. उघाडी म्हणजे काय, खाजण म्हणजे काय, हें न्यायाधीश दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले असले तर त्यांना ठाऊक नसेल; शांतपणें समजावून द्या. साक्ष संपल्यावर नोंदलेला कागद सहीसाठीं पुढें येतो. तो वाचल्यावांचून सही करूं नका, चूक असली तर तिथल्या तिथें दाखवा. घरीं आल्यावर आठवलेली चूक गेली ती गेली.

आतां ज्या कामासाठीं या पंचक्रोशींतलीं बहुतेक घरें पहिल्यांदां कोर्टांत जातात, त्याकडे येतों. तें काम म्हणजे वारस दाखला. सातबाऱ्यावरचा आजा वारला, बाप वारला, आणि भूखंड अथवा वाढीव पैसा घेण्यासाठीं वारस कोण हें कोर्टाकडून ठरवून आणावें लागतें. हा दाखला १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनाप्रमाणें मिळतो. पेशवाई बुडून अवघीं नऊ वर्षें झालीं होतीं तेव्हांचा तो कायदा आजही चालतो आहे! अर्ज झाला म्हणजे कोर्ट जाहीरनामा काढतें; हरकत असेल त्यानें साधारण महिन्याभरांत पुढें यावें. जाहीरनामा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत छापतात. आणि आपल्या घरांत काय घडतें? अर्जांत चार भावांचीं नांवें, दोन बहिणी गाळलेल्या. विचारलें तर उत्तर येतें, “त्या दिल्या घरीं सुखी आहेत.”

मायबहिणींनो, मी येथें स्पष्ट बोलणार आहें, पुरुषांस राग आला तरी चालेल. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधीं लग्न झालेल्यांना वगळलें. २००५ च्या ९ सप्टेंबरपासून हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें तो भेदही गेला. त्या तारखेस बाप हयात असला पाहिजे काय, हा वाद उरला होता. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें कीं हक्क जन्मानें मिळतो, बाप हयात असण्याची अट नाहीं. जुनें, रीतसर नोंदलेलें वांटप मात्र त्यानें उखडलें जात नाहीं. तेव्हां भाऊ गाडी घेऊन दारीं आला, “ताई, एक सही पाहिजे, भूखंड अडकलाय” म्हणाला, तर त्यास चहा द्या, जेवूं घाला, आणि कागद ठेवून घ्या. तो हक्कसोडपत्र आहे कीं संमतिपत्र, कीं कुलमुखत्यारपत्र, तें वाचल्याशिवाय सही नाहीं. सोडावयाचा तर हक्क राजीखुशीनें सोडा; न कळतां जाऊं देऊं नका. आणि तुमचें नांव गाळून अर्ज झाला असेल तर मुदतींत हरकत द्या. मुदत चुकली तरी सारें बुडालें असें नव्हे. वारस दाखल्यानें मालकीचा अखेरचा निकाल होत नाहीं, स्वतंत्र दावा करतां येतो. पण तोंवर भूखंड तिसऱ्याच्या घशांत गेलेला असतो.

हा तिसरा कोण? जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. अक्षरशून्य शेतकरी कचेऱ्यांतून कसा नागविला जातो, हें त्यांत जागजागीं आहे. त्या काळीं लेखणी एका जातीच्या हातीं होती. आतां ती आपल्याही हातीं आली, आणि मोठ्या शरमेची गोष्ट ही कीं आज कोर्टाच्या व कचेरीच्या दारांत उभा असलेला दलाल पुष्कळदां आपल्याच आळींतला, आपल्याच आडनांवाचा असतो. “काका, तुम्ही कशाला हेलपाटे घालतां, मी करतों सगळें,” असें म्हणून तो मूळ कागद घेऊन जातो. मूळ कागद कोणाच्याही हातीं देऊं नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा देऊं नका. वकिलास दिलेल्या पैशाची पावती मागा. साध्या प्रतिज्ञापत्रासाठीं स्टॅम्पपेपर घ्यावयास लावतील. कोर्टांत व सरकारी कचेरींत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रास सरकारनें २००४ सालींच मुद्रांक माफ केलेला आहे.

पैसा नाहीं म्हणून कोणी बसूं नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमाती, अपंग, कामगार व कमी उत्पन्नाचे लोक यांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. स्त्रीस तर उत्पन्नाची अटही नाहीं. तालुक्याच्या कोर्टांतच विधी सेवा समिति असते, तेथें अर्ज करावा. १५१०० या नंबरावर फोनही करतां येतो. शिवाय विवाहसंबंधांतून उद्भवलेल्या मिळकतीच्या वादांत, पोटगींत, मारहाणींत व काडीमोडींत स्त्रियांना महाराष्ट्रांत १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. हें ज्यांना सांगावयाचें तेच सांगत नाहींत.

लोकअदालतीची नोटीस आली तर अवश्य जा, पण एक जाणून जा. तेथें झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते व तिच्यावर अपील नाहीं. भरलेली कोर्ट फी परत मिळते, वर्षें वांचतात, भावाभावांत पुन्हां बोलणें सुरू होतें, हे तिचे फायदे खरेच. मात्र “सही करा, जेवायची वेळ झाली” अशा घाईंत तडजोड करूं नका. सकाळीं पटलें नाहीं तें दुपारीं पटल्याची सही भुकेपोटीं देऊं नये.

मघांशीं एका ताईनें चिठ्ठी पाठवून विचारलें आहे कीं निकाल विरुद्ध गेला तर काय करावें. ताई, निकाल ऐकून रडत घरीं जाण्याआधीं त्याच दिवशीं नक्कल विभागांत सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज द्या. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा कोर्टांत अपील करण्यास तीस दिवस, हायकोर्टांत नव्वद दिवस. नक्कल तयार होण्यास जे दिवस लागतात ते मुदतींतून वजा होतात. पण अर्ज केला असला तरच, आणि अर्ज दिल्या तारखेपासूनच. अर्जाची पावती समन्साच्या कागदाबरोबर एकाच पिशवींत ठेवा, आणि ती पिशवी घरांत कोठें टांगली आहे तें सुनेलाही ठाऊक असूं द्या.